येणाऱ्यांच्या खोल्या

बोअर म्हटलं की आमच्या कॉलनीतल्या माणसांना एकच सुचतं, ते म्हणजे पाणी. पहिल्या बैठकीत बिल्डरकडून आलेल्या राखीने विहाराच्या भिंतीवर चित्रं दाखवून दाखवून घसा कोरडा केला, की हे बोअर पाण्यासाठी नाहीत. ती खाली बसते न बसते तोच चिमाजींनी हात वर करून विचारलं, पाणी गोडं लागेल की मचूळ. मी कपाळाला हात लावला. चिमाजी माझ्याहून वयाने मोठे आहेत, नाहीतर मी त्यांना तिथेच बाकावर उभं केलं असतं.

मी प्रतिभा. सगळी नोकरी महापालिकेच्या शाळेत झाली, त्यामुळे अख्खी कॉलनी मला बाई म्हणते. संघमित्रा कॉलनी म्हणजे सातपूरच्या कारखान्यांत लागलेल्या माणसांनी एकत्र येऊन बांधलेली बैठी घरं, मधोमध मैदान, मैदानाच्या टोकाला बुद्धविहार आणि विहारासमोर पिंपळ. घरं आता थकली आहेत. स्लॅबचे पोपडे जेवणाच्या ताटात पडायला लागले, तेव्हा सगळ्यांनी पुनर्विकासाला होकार दिला. बैठी घरं जाऊन तीन उंच इमारती येणार. मैदान आणि पिंपळ मात्र आहेत तसे राहणार, असं ठरलं.

या इमारतींत घरोघरी एसीचे डबे टांगण्याऐवजी सगळ्यांची मिळून एकच व्यवस्था करावी, ही कल्पना बिल्डरच्या सल्लागारांची. ते काम राखीकडे आलं. राखी घोटीची, वडिलांची तिथे भाताची गिरणी आहे, आणि ही पोरगी इंजिनिअर. तिचं म्हणणं तसं सोपं होतं. जमिनीत खोल गेलं की बारा महिने जवळजवळ एकच तापमान असतं, वर मे असो की डिसेंबर. मैदानात खोल बोअर घ्यायचे, त्यांत पाइप सोडायचे, आणि त्या पाइपांतून तेच ते पाणी खाली-वर फिरवत ठेवायचं. उन्हाळ्यात ते घरांतली उष्णता खाली नेऊन सोडतं, थंडीत खालची ऊब वर आणतं, आणि तळघरातलं यंत्र ती गरजेप्रमाणे सगळ्या घरांना पोचवतं. आंघोळीचं गरम पाणीही त्यातूनच मिळणार. एसीचं म्हणजे आपली खोली गार करायची आणि आतला सगळा उकाडा शेजाऱ्याच्या खिडकीत सोडून द्यायचा. इथे सगळ्यांचा उकाडा जमिनीच्या पोटात जाणार होता.

मला हे पहिल्याच दिवशी पटलं आणि मी कॉलनीभर त्याचा प्रचार सुरू केला. बाईंना पर्यावरणाची किती काळजी, असं लोक म्हणायला लागले. मी कुणाची समजूत दुरुस्त केली नाही. खरं कारण वेगळं होतं आणि ते सांगायला मला आता लाज वाटत नाही. मला माझा मुलगा परत यायला हवा होता.

अमोल जर्मनीत असतो. मागच्या मे महिन्यात तो बायकोला आणि लेकीला घेऊन आला, चांगला महिनाभर राहायचं ठरवून. नात यशोधरा, आमची यशू, तेव्हा नुकती बोलायला लागली होती. तिचं आजी म्हणणं मी फोनवर ऐकलं होतं, आता ते कानाशी ऐकायचं होतं. पहिल्याच रात्री तिच्या पाठीवर घामोळं उठलं. आम्ही कूलर लावला, खिडक्यांना ओल्या चादरी बांधल्या, मी तिला उचलून मैदानात फिरवलं, पण वारा म्हणून नव्हताच. रडून रडून पोर लालबुंद झाली. दोन दिवस असे काढल्यावर अमोल म्हणाला, आई, आम्ही रात्रीपुरतं हॉटेलात जातो, दिवसा येत जाऊ. आले दिवसा. मग उन्हाचा त्रास नको म्हणून फक्त संध्याकाळी यायला लागले. मग परतीची तिकिटं अलीकडची करून घेतली. यशू माझ्या कुशीत एक रात्रही झोपली नाही.

ते गेल्यावर मी त्या ओल्या चादरी धुवायला टाकल्या आणि मोरीत बसून रडले. मला वाटलं, हा नुसता उन्हाचा प्रश्न आहे. घर गार झालं की ती येतील, राहतील, आणि राहता राहता कायमचीही येतील. म्हणून राखी जेव्हा गारव्याचं बोलली, तेव्हा मला त्यात यशूची झोप दिसली.

माझे यजमान कुंदन फोर्जिंगच्या कारखान्यात होते. भट्टीसमोर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला उकाड्याची सवय होत असेल, असं लोकांना वाटतं. उलट होतं. त्यांना आता उन्हाळा अजिबात सोसत नाही. मार्चपासून खांद्यावर ओला पंचा टाकून बसतात, तो वाळला की पुन्हा भिजवून आणतात. बोलणं मुळातच कमी. अमोलचा फोन आला की, बरंय ना सगळं, एवढं विचारून फोन माझ्या हातात देतात. त्यांना मुलाची आठवण येते की नाही, हे मला इतक्या वर्षांच्या संसारानंतरही सांगता आलं नसतं, आणि त्याचा मला रागही यायचा.

तर बोअर किती घ्यायचे हे ठरवण्याआधी राखीला घरोघरची माहिती हवी होती. घरात माणसं किती, कोणती खोली कधी वापरतात, दुपारी घरी कोण असतं. अनोळखी पोरीला लोक दारातूनच वाटेला लावतील म्हणून मी तिच्याबरोबर निघाले. पहिल्याच घरी, म्हणजे आमचे चेअरमन लखन यांच्याकडे, नवरा-बायको दोघंच राहतात. त्यांनी माणसं सहा सांगितली. दोन्ही मुलं बंगळुरात आहेत, सुना आहेत, पण शेवटी येणार कुठे, इथेच येणार, रिटायर झाल्यावर तरी. मी म्हटलं, लखनभाऊ, त्यांच्या रिटायरमेंटला आपण असू का? त्यांनी हसून बायकोला चहा टाकायला सांगितला, पण आकडा काही बदलला नाही.

पुढे सगळीकडे तेच. मंगलाबाईंनी लेक, जावई आणि दोन नातवंडं धरली, कारण जावयाची कधी ना कधी इथे जवळच ओझरला बदली होणार. चिमाजींचा मुलगा चाकणला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो, तरी त्याच्यासाठी मोठी खोली. राखी मुकाट्याने टॅबवर नोंदवत होती. दोन-चार घरं झाल्यावर मला गंमत वाटायला लागली, आणि गल्लीच्या कोपऱ्यावर मी तिला म्हटलंसुद्धा, की माणसं किती भाबडी असतात बघ.

सुमनबाईंच्या घरी मात्र गंमत वाटली नाही. सुमनबाई एकट्या राहतात. मुलगा नवनाथ ड्रायव्हर म्हणून आखातात गेला तो गेलाच. फोन येतो कधीमधी, तोही नव्या नंबरावरून. त्यांनी आम्हाला त्याची खोली उघडून दाखवली. कॉटवर धुतलेली चादर होती, उशीला इस्त्रीचा अभ्रा होता.

"त्याला गरमी लय सोसत नाय," त्या राखीला म्हणाल्या. "ही खोली दुपारची बी गार राहिली पाहिजे. तेवढं बघ, बाई."

राखीने मान हलवली आणि नोंद केली. मी दुसरीकडे बघत राहिले.

शेवटचं घर आमचं. राखी खुर्चीत टेकली आणि तिने तोच प्रश्न विचारला. दिवसभर लोकांना मनातल्या मनात हसणारी मी, एका दमात पाच म्हणाले. आम्ही दोघं, अमोल, सूनबाई आणि यशू. वर यशूच्या खोलीत गारवा जरा जास्त धर, असंही सांगितलं. कुंदन पंचा पिळत मोरीच्या दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलतील असं वाटलं, पण ते पंचा झटकून बाहेर जाऊन बसले.

काही आठवड्यांनी राखी हिशेब घेऊन आली आणि विहारात बैठक झाली. तिचा चेहराच सांगत होता. आम्ही सांगितलेल्या माणसांसाठी जितके बोअर लागतात, तितके मैदानात बसत नव्हते. दोन बोअरमध्ये पुरेसं अंतर सोडावंच लागतं, नाहीतर ते एकमेकांना तापवतात. जमीन वर्षागणिक गरम होत जाते आणि मग गारवा मिळायचा बंद होतो. बाकीच्या बोअरसाठी एकच जागा शिल्लक होती, पिंपळाची. नाहीतर एक इमारत योजनेतून वगळायची.

पिंपळ तोडायचं नाव कुणी काढलं नाही. तो पहिल्या बिऱ्हाडांनी लावला, त्याच्या पारावर आमच्या मुलांनी अभ्यास केले, त्याच्यासमोर त्यांची लग्नं लागली. इमारत वगळायची म्हटलं तर प्रत्येकाला दुसऱ्याची वगळायची होती. गलका थांबल्यावर राखी हळूच बोलली. संध्याकाळी ती कॉलनीतून चालते, तेव्हा सहा माणसांच्या घरात एकाच खोलीत दिवा दिसतो. तेव्हा खरोखर राहणारी माणसं किती, हे पुन्हा एकदा सांगाल का, असं तिने विचारलं.

सगळ्यांना कळलं ती काय विचारते आहे. म्हणूनच सगळे तिच्यावर उखडले. तू नकाशे काढ, आमच्या घरात डोकावू नको, इथपर्यंत मजल गेली. मग लखन म्हणाले, मंगलाबाईंच्या जावयाची बदली काही होत नाही, ती माणसं कमी करा. मंगलाबाई म्हणाल्या, बंगळूरवाले रिटायर होईपर्यंत इमारत पुन्हा पाडायला येईल. आपलं पोर परत येणार याची ज्याला त्याला खात्री होती, आणि दुसऱ्याचं येणार नाही याचीही तितकीच खात्री होती.  शेवटी सुमनबाई उठल्या आणि थेट माझ्याकडे वळल्या.

"बाई, आमच्या पोरांना तुम्हीच शिकवलं ना? मग आधी तुमचं काढा. तुम्ही काढलं तर मी बी नवनाथचं काढीन."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आयुष्यभर वर्गात मी प्रश्न विचारले, उत्तर न येणाऱ्याला उभं ठेवलं. त्या दिवशी उत्तर माझ्याकडे नव्हतं. रविवारपर्यंत सांगते, एवढंच म्हणून मी चपला शोधायला लागले. राखी म्हणाली, रविवारच्या पुढे थांबता येणार नाही. नकाशे मंजुरीला जायचे आहेत, ठरलं नाही तर बोअरशिवाय जातील आणि घरोघरी एसीचे डबे लागतील.

घरी येऊन मला एक गोष्ट उमगली. कॉलनीतल्या एकाही आईबापाने आपल्या मुलाला हे कधी विचारलेलंच नव्हतं, की बाबा रे, तू येणार आहेस का? मीही नाही. विचारलं नाही तोवर मूल येणारच असतं. विचारलं की उत्तर येतं.

शनिवारी अमोलचा व्हिडिओ कॉल आला. तो स्वयंपाकघरात कांदा चिरत होता, मागे यशू जमिनीवर अनवाणी पळत होती. मी बोअरचा विषय काढल्यावर तो खुलला. त्याच्या वस्तीतही तसलीच व्यवस्था आहे म्हणाला, बाहेर बर्फ असतो आणि यशू पायमोजेसुद्धा घालत नाही. पंप कसा असतो, पाइप किती वर्षं टिकतात, सगळं उत्साहाने सांगत राहिला. आई, हे नक्की करा, म्हणाला. मी त्याला बोलू दिलं. मग म्हटलं,

"त्यांना माणसं मोजायची आहेत. तुझी खोली धरू का?"

"धर ना," तो म्हणाला.

"म्हणजे राहायला येणार आहेस?"

त्याची सुरी थांबली. त्याने आधी यशूकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"बघू, आई."

अमोल लहान असताना सायकल मागायचा, सहलीला जायचं म्हणायचा, बॅट मागायचा. पगारात बसत नसलं की मी म्हणायचे, बघू. नाही म्हणताना माझा जीव तुटायचा म्हणून बघू म्हणायचे. त्यालाही ते कळायचं, कारण बघू म्हटलं की तो पुन्हा मागायचा नाही. आता त्याचा जीव तुटत होता. मीही पुन्हा विचारलं नाही. यशूला आजीला पापी द्यायला सांग, म्हटलं. तिने पडद्यावर ओठ टेकवले आणि पळाली.

फोन ठेवल्यावर कुंदननी विचारलं, काय म्हणाला. मी म्हटलं, बघू म्हणाला. ते उठले आणि मोरीत जाऊन पंचा भिजवायला लागले. पंचा ओलाच होता. नळ बराच वेळ चालू राहिला.

त्याच संध्याकाळी राखी आली. उद्याच्या बैठकीआधी तिला माझं उत्तर हवं होतं. मी म्हटलं, अमोलची खोली काढून टाक, त्या तिघांनाही काढ. नक्की ना, असं तिने विचारलं तेव्हा मी खेकसले, की एकदा सांगितलेलं कळत नाही का. ती टॅब पिशवीत घालून बसून राहिली. मला तिची दया आली आणि स्वतःची लाज वाटली. जेवून जा म्हटलं. जेवणं होईपर्यंत तिची घोटीची गाडी निघून गेली होती. मग राहाच म्हटलं. तिने घरी फोन लावला. पलीकडून तिची आई विचारत होती, मग ही तुझी भाकरी सकाळी खाशील का, की मी संपवू. एक रात्र लेक आली नाही तर एवढं विचारतात, असं माझ्या मनात आलं.

झोपायची सोय करायची म्हणजे गादी हवी. अमोलची कॉट मागच्या पावसाळ्यात वाळवीने खाल्ली. नवी आता नव्या घरातच घ्यायची म्हणून मी थांबले होते. कुंदन न सांगता उठले आणि विहारातून खांद्यावर गादी घेऊन आले. ही कुठून आणली, असं राखीने विचारलं. मी चादर घालता घालता सांगायला लागले.

घरं बांधली तेव्हा कुणाकडेच जास्तीचं अंथरूण नव्हतं. गावाकडून पाहुणा आला की पंचाईत व्हायची. मग महिला मंडळाने पिंजाऱ्याला बसवून थोड्या गाद्या भरून घेतल्या आणि विहाराच्या मागच्या खोलीत ठेवल्या. ज्याच्याकडे पाहुणा, त्याने गादी न्यायची. परत देताना एक दिवस उन्हात घालून द्यायची. खोळ फाटली असेल तर ज्याच्याकडे फाटलेली आढळली त्याने शिवायची, मग ती कुणीही फाडलेली असो. ही रीत अजून चालू आहे.

"एवढ्या घरांना थोड्याच गाद्या? पुरतात?" राखीने विचारलं.

"न पुरायला काय झालं? सगळ्यांचे पाहुणे एकाच दिवशी थोडेच येतात?"

राखी उशीचा अभ्रा हातात धरून तशीच उभी राहिली. "बाई," ती म्हणाली, "हे मला आधी का नाही सुचलं? आणि कमी कधीच पडल्या नाहीत?"

पडायच्या, मी म्हटलं. जयंतीला. आदल्या दिवशी, तेरा एप्रिललाच, सगळ्यांचे गाववाले, बहिणी, भाचरं, सगळी यायची, आणि गाद्या तासाभरात संपायच्या. मग विहाराच्या गच्चीवर सतरंज्या टाकायच्या, आणि कॉलनीतली सगळी पोरं एका ओळीत झोपायची. झोपायची कसली, उद्याच्या मिरवणुकीच्या गप्पा मारत पहाट करायची. अंगाची लाही होत असायची, डास फोडून काढायचे, पण एक पोर खाली यायला तयार नसायचं. एकदा कुंदन दुसऱ्या पाळीहून आले आणि अमोलला शोधत गच्चीवर गेले. काही केल्या आपला सापडेना. प्रत्येकाच्या तोंडावरची चादर काढून पाहिली. शेवटी कंटाळून त्याच ओळीच्या टोकाला स्वतःही झोपले.

"सुमनबाईंच्या नवनाथच्या पलीकडे होता तो," कुंदन म्हणाले. ते दारात उभे आहेत हे मला माहीत नव्हतं. "सकाळी सापडला."

एवढं बोलून ते आत गेले. ओळीत कोण कुणाशेजारी झोपलं होतं, हे त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवलेलं होतं. मी चादरीच्या सुरकुत्या काढत राहिले, कारण वर पाहिलं असतं तर राखीला माझे डोळे दिसले असते.

रविवारी विहार भरला होता. मी उभी राहिले आणि सांगितलं, अमोल राहायला येणार नाही, मी त्याला विचारलं आहे. पुढचं वाक्य मी घरून पाठ करून आणलं होतं, ते आठवेना, म्हणून खाली बसले. सुमनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी दिलेला शब्द त्यांना आता पाळावा लागणार होता, आणि त्यांचा चेहरा पाहून आपण का उभे राहिलो असं मला झालं. त्या पदर सावरत उठायला लागल्या. तेवढ्यात राखी म्हणाली, मावशी, थांबा, बसा तुम्ही.

मग तिने सांगितलं, की कुणालाच काढायचं नाही. फक्त वेगळं मोजायचं. रोज राहणारी माणसं घरोघरची धरायची. येणारी माणसं मात्र घराघरांत न धरता सगळ्या कॉलनीची मिळून एकत्र धरायची, विहारातल्या गाद्यांसारखी. कुणाचं पोर दिवाळीला येईल, कुणाचं मेमध्ये, कुणाचं वैशाख पौर्णिमेला. सगळ्या घरांतून एकच पाणी फिरणार आहे, तेव्हा ज्या घरी कुणी आलं त्या घरी गारवा जाईल. त्यासाठी थोड्या खोल्यांपुरतं वाढवून ठेवलं की झालं. एवढे बोअर मैदानात बसतात आणि पिंपळाला हात लावावा लागत नाही. नव्या घरांत ज्याची खोली त्याचीच राहील, नवनाथचीही.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. लखननी विचारलं, म्हणजे माझ्या मुलांची खोली बंद पडणार नाही ना. नाही, राखी म्हणाली. मंगलाबाईंनी डोळे पुसले. चिमाजींनी, तेवढ्यात पाणीही लागलं तर काय करणार, असं विचारलं, आणि कित्येक दिवसांनी आम्ही सगळे एकत्र हसलो.

पण राखी हसली नाही. ती म्हणाली, एक गोष्ट आत्ताच सांगायला हवी, नंतर तुम्ही मला दोष द्याल. ही व्यवस्था, सगळे एकाच वेळी येणार नाहीत, या भरवशावर उभी आहे. पण समजा जयंतीला, ऐन एप्रिलच्या उन्हात, सगळ्यांचीच मुलं, सुना, नातवंडं एकाच दिवशी आली. प्रत्येक घरातली प्रत्येक खोली भरली. तर गारवा कमी पडेल. सगळ्यांनाच थोडाथोडा उकाडा होईल, आणि त्याला त्या दिवशी काहीही इलाज नसेल.

"हे मान्य असेल तरच मी पुढे जाते," ती म्हणाली.

विहारात वर पंखे फिरत होते. मी मनातल्या मनात एकेक खोली भरत होते, लखनची मुलं, मंगलाबाईंची नातवंडं, घामोळ्याने चिडलेली यशू, गच्चीवरच्या सतरंज्या. मला वाटतं सगळे तेच करत होते. सुमनबाई बसल्या जागेवरूनच बोलल्या, राखीकडे न बघता, समोरच्या पिंपळाकडे बघत.

"पडू दे की कमी," त्या म्हणाल्या. "एकदा तरी पडू दे."

 चिमाजींनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. मग लखन खाकरले आणि म्हणाले, रीतसर मत घ्यायला हवं. एखाद्या दिवशी गारवा कमी पडला तरी चालेल असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.

सगळ्यांच्या आधी हात वर झाला तो कुंदनचा. खांद्यावर ओला पंचा होता, कपाळावर घाम होता, आणि हात त्यांनी शाळेतल्या पोरासारखा सरळ ताठ वर केला होता. मग माझा झाला, मग सुमनबाईंचा, मग सगळ्यांचे. राखी मोजायला लागली. मोजून झालं, तिने नोंद केली, लोक उठून चपला घालायला लागले, तरी कुंदनचा हात वरच होता.